सगळं जागच्या जागी

विसराळूपणा या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालू नये! मी गेली कित्येक वर्षं काहीही विसरलेलो नाही. विसरणार कसा? माझ्या फोनात कामांची यादी ठेवणारी तीन ॲप्स आहेत, आणि ती तिन्ही उघडायची आठवण करून देणारं चौथं. पाणी कधी प्यायचं, पाठ कधी सरळ करायची, दीर्घ श्वास कधी घ्यायचा, सगळं मला फोन सांगतो. ऑफिसात तर माझा दबदबाच आहे. कुणाच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या, की मी त्याला बाजूला घेऊन प्रेमाने समजावतो. हल्ली मी लांबून येताना दिसलो तरी लोक चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये सारतात. याला मी माझा प्रभाव समजतो.

सुधारायचं राहिलं होतं ते फक्त घर.

आमच्या घरची तऱ्हाच निराळी. ती समजायची तर आधी आईची नोकरी सांगायला हवी. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शाळा सुटली की मी तिच्याकडे जाऊन बसायचो. लांबलचक खोली, भिंतीला छिद्राछिद्रांचे बोर्ड, समोर उंच स्टुलांवर ओळीने बसलेल्या बायका. प्रत्येकीच्या कानाला हेडफोन आणि हातात पितळी टोकाच्या वायरी. एक टोक या छिद्रात, दुसरं त्या छिद्रात, की कुठेतरी दोन माणसं एकमेकांना 'हॅलो' म्हणायची! बोलणं संपलं की वायर उपसायची. ती सर्रकन खाली जाऊन आपल्या जागी बसायची. वायर वर असली की काम चालू, जागेवर गेली की काम संपलं. कुणी कुणाला विचारायचं नाही, नुसतं बघायचं.

तिथे बायका एकमेकींना नावाने हाक मारत नसत. बैठकीचा नंबर हेच नाव. आई तीन नंबरवर बसायची आणि तिच्या शेजारी चार नंबरवर तिची मैत्रीण. पुढे ती एक्स्चेंज बंद झाली, बोर्ड भंगारात गेले, दोघी निवृत्त झाल्या, पण नावं तीच राहिली. "काय गं तीन, जेवलीस का?" "जेवले गं चार, तू?" आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, या कसलातरी हिशेब जुळवताहेत.

तर ही वायरींची पद्धत आईने घरात आणली. एखादी वस्तू जागेवर नसली, की समजायचं ती कामावर आहे! बाबांचा बूट जेवणाच्या टेबलावर दिसला, की माझ्या शाळेत पालकसभा. उशी बाल्कनीच्या कठड्यावर, की आत्याला फोन करायचाय. ज्याने काम केलं त्याने वस्तू जागेवर ठेवायची, म्हणजे बाकीच्यांनी निश्चिंत व्हायचं. माझी परीक्षा असली की आई स्वतःचा रुमाल माझ्या कंपासपेटीत घालून द्यायची. ड्युटीवर नाक पुसायला तिने कमरेशी हात नेला, रुमाल सापडला नाही, की तिला आठवायचं: आज मुलाचा पेपर, घरी फोन करायचा. त्या रुमालाला तिच्या पावडरीचा वास यायचा. तो पेटीत असला की गणितसुद्धा सोपं वाटायचं. अजूनही कधी कठीण मीटिंगला जाताना मी उगाच खिसा चाचपतो.

पण म्हणून काय जन्मभर टेबलावर बूट ठेवायचे? लग्न होऊन आलेली माझी बायको लॅबमध्ये काम करते. तिथे एक बाटली इकडची तिकडे झाली तर हाहाकार होतो. मला वाटलं होतं, ही तरी माझ्या बाजूने उभी राहील. ती महिनाभरात आईची पट्टशिष्या झाली!

शेवटी मी सर्वांना बैठकीच्या खोलीत बसवलं आणि सगळ्यांच्या फोनवर एक ॲप टाकलं. घरासाठी एकच बोर्ड. त्यावर कामं लिहायची. काम झालं की त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची, की ते उडी मारून 'झालं' या रकान्यात जातं.

"खूण केली की काम आपोआप होतं का?" आईने विचारलं.

"नाही गं, काम आपणच करायचं."

"मग याचा उपयोग काय?"

"आठवण राहते."

"ती तर चाळणी टांगली तरी राहते," आई म्हणाली.

मी संयम सोडला नाही. ॲप वापरायला लागा, हळूहळू वस्तू फिरवायची सवय सुटेल, असं मी बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्याच दिवशी बायकोने माझ्या नावावर एक काम लिहिलं: 'जरा गप्प बसणे.' महत्त्व: अतितातडीचं. वारंवारता: रोज!

मी स्वतः जे पहिलं काम लिहिलं ते मात्र गंभीर होतं. चार नंबर कायमची चालली होती. तिची मुलगी परदेशात असते. एकटीने राहणं आता जमत नाही म्हणून तिने घर सोडलं, सामान वाटून टाकलं, फोनसुद्धा बंद केला. शनिवारी रेल्वेने मोठ्या शहरात जायचं आणि तिथून विमानाने लेकीकडे. परत यायचं काही नाव नाही. दोघींची वयं पाहता, शनिवारी स्टेशनवर होईल तीच शेवटची भेट, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आईचा गुडघा धड नाही, तेव्हा मी तिला गाडीने नेणार होतो. मी बोर्डावर लिहिलं: 'शनिवार, संध्याकाळी सहा, चार नंबरला निरोप.' सगळ्यांच्या फोनवर आठवणीची घंटी लावली. आई तीन दिवस आधीपासून कपाट उघडून कोणते कपडे घालायचे ते ठरवत होती. "ती मला बघताना मी नीटनेटकी दिसायला हवी ना रे," ती म्हणाली. मला गलबलून आलं.

शुक्रवारी मी रजा घेतली. बायको आईला घेऊन व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाबा आतल्या खोलीत दुपारची झोप काढत होते. मी बोर्ड उघडला आणि पाहतच राहिलो. 'टाकी धुणार, पाणी भरून ठेवणे': झालं! 'शेजारच्या मांजराला दूध': झालं! 'पेट्रोल': झालं! एकूण एक कामापुढे बरोबरची खूण! एका आठवड्यात माझ्या घराने ऑफिसला मागे टाकलं होतं. मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली, आणि घरात जागं कुणी नव्हतं म्हणून मी ती थोपटलीही.

मान वर केली आणि माझा उत्साह जरा मावळला. कामं झाली होती, पण घर बघाल तर तेच! छत्री स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये उभी. चाळणी पुढच्या दाराच्या मुठीला टांगलेली. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात! आणि भिंतीवरचं घड्याळ? ते भिंतीकडे तोंड करून, रुसल्यासारखं. म्हटलं, जुनी खोड, दुसरं काय. कामं केली, पण वस्तू उचलायचा कंटाळा. मी बाह्या सरसावल्या. छत्री खुंटीवर, चाळणी फळीवर, किल्ली हुकावर. घड्याळ सरळ केलं, काच पुसली. घर असं चकाचक झालं, की मला क्षणभर वाटलं मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय.

थोड्या वेळाने बायको आणि आई परत आल्या. बायको दारातच थबकली. तिने सिंककडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लग्नात पाहिलं होतं तसं!

"सगळं केलंस?" ती म्हणाली.

"सगळं!"

"छत्रीचंसुद्धा?"

"छत्रीचं तर सगळ्यात आधी!"

"आणि किल्लीचं? मी आज संध्याकाळी करणारच होते."

"तू काहीच करू नकोस. मी आहे ना!"

आईने माझ्या गालावरून हात फिरवला. "चाळणीचंही केलंस? बिचारं उपाशी राहिलं असतं रे." मला हे वाक्य नीट कळलं नाही. पण कौतुक चालू असताना मध्येच खुलासे विचारू नयेत, असं माझं मत आहे.

तेवढ्यात बाबा डोळे चोळत बाहेर आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"घड्याळाचं पाहिलंस वाटतं?"

"पाहिलं बाबा. लगेच सरळ केलं."

"मग आईच्या कानावर घातलंस?"

"कानावर कशाला घालायचं? समोर दिसतंय की तिला."

"दिसतंय?" बाबांनी आईकडे पाहिलं. आई खुशीत होती. "बरं झालं," बाबा म्हणाले, "माझ्या डोक्यावरचा भार गेला." आणि ते चहा प्यायला बसले.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे समाधान नांदत होतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. चार माणसं, आणि एकाच्याही मनावर कसलं ओझं नाही! मी मनात म्हटलं, यालाच व्यवस्थापन म्हणतात.

शनिवारी सकाळी उशिराने उठून मी आंघोळीला गेलो. डोक्याला भरपूर शॅम्पू लावला. नळ सोडला. नळाने एक दीर्घ श्वास घेतला आणि गप्प बसला.

"पाणी गेलं!" मी आतून ओरडलो.

"जाणारच," बायको बाहेरून म्हणाली. "आज टाकी धुताहेत. भरून ठेवलेलं घे."

"कुठे आहे भरून ठेवलेलं?"

"ते तुला ठाऊक. तूच भरलंस ना?"

"मी?"

मी टॉवेल गुंडाळून, डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन बाहेर आलो. बादल्या कोरड्या, पिंप कोरडं, किटलीसुद्धा कोरडी. बायको छत्रीकडे बोट दाखवून म्हणाली, "छत्री तर जागेवर होती!" तोच दाराची बेल वाजली.

दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या. काकूंची ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या गल्लीने त्यांच्याच ओरडण्याखाली गाडी शिकलीय. दोन दिवस गावाला जाताना त्या मांजर आमच्या भरवशावर सोडून गेल्या होत्या. आता ते मांजर त्यांच्या कडेवर होतं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता.

"कालपासून वाटी कोरडी आहे!" काकू कडाडल्या. "मुक्या जिवाचे असे हाल?"

"पण चाळणी फळीवर होती!" आई आतून लंगडत आली. "मी स्वतः पाहिली. कुणी काढली चाळणी?"

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मांजरानेही पाहिलं.

"मी... आवरलं ना काल घर," मी म्हणालो.

"आवरलं?" बायको म्हणाली. "म्हणजे केलं नाहीस? नुसतं उचलून ठेवलंस?"

"पण बोर्डावर सगळं झालं म्हणून होतं! सगळ्यावर खुणा होत्या!"

"त्या खुणा माझ्या," बाबा वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाले. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. "मी सगळं तपासलं."

"काय तपासलं, बाबा?"

"लिहिलेलं. रोज सकाळी तपासत होतो. वाचून झालं की खूण करायची. शुद्धलेखनाच्या दोनच चुका निघाल्या, त्याही तुझ्या."

उभ्या जन्मात बाबांनी हजारो वह्यांवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. त्यांच्या लेखी त्या खुणेचा अर्थ 'पाहिलं' एवढाच. आई आणि बायको वस्तूंकडे बघून निश्चिंत होत्या, मी खुणांकडे बघून निश्चिंत होतो, आणि काम कुणीच केलेलं नव्हतं!

मग एकाएकी बाबांचा चेहरा उतरला. ते सावकाश उठले आणि घड्याळासमोर जाऊन उभे राहिले.

"मग घड्याळ?" ते म्हणाले.

"घड्याळाचं काय?" आईने विचारलं.

"मी फिरवलं होतं. काल तू घरी नव्हतीस तेव्हा चार नंबरचा फोन आला, तिच्या घरमालकिणीच्या फोनवरून. वेळ बदलली म्हणाली. संध्याकाळच्या गाडीचं जमलं नाही, दुपारी बाराची मिळालीय. झोप अनावर झाली होती म्हणून मी घड्याळ फिरवून पडलो. उठलो तर सरळ! मला वाटलं, पोराने घरमालकिणीला फोन करून वेळ विचारली आणि तुला सांगितली."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. काच अगदी लख्ख होती, मीच पुसलेली.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली, गुडघ्यावर हात ठेवले आणि एवढंच म्हणाली, "ती खिडकीतून माझी वाट बघत बसेल रे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी तिन्ही ॲप्स, आणि ती उघडायची आठवण करून देणारं चौथं घेऊन कुठे तोंड लपवू असं झालं. बायकोने घरमालकिणीला फोन लावला. "त्या मघाशीच निघाल्या," पलीकडून उत्तर आलं. चार नंबरजवळ फोन नव्हता. ज्या दोघींनी जन्मभर गावातल्या लोकांना जोडून दिलं, त्यांच्यातच आता लाईन नव्हती.

"चला!" मी म्हणालो. टॉवेल टाकून मिळेल ते अंगात घातलं. डोक्यावर फेस तसाच. हुकावरची किल्ली घेतली, आईला गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि फाटकापाशीच तिने मान टाकली.

"पेट्रोल!" बायकोने कपाळाला हात लावला. "म्हणून तर किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती ना!"

"अंड्यांच्या कप्प्यात ठेवलीस तर कुणाला कळणार?"

"सगळ्यांना! तू सोडून सगळ्यांना!"

काकू मांजर घेऊन हे सगळं बघत होत्या. त्यांनी आईचा चेहरा पाहिला, आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "ताई, माझ्या गाडीत बसा," त्या म्हणाल्या. "मी पोचवते."

काकूंची गाडी म्हणजे शिकवणीची गाडी. टपावर लाल अक्षरांची पाटी, आणि आत शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूलाही एक ब्रेक. गुडघा पसरता यावा म्हणून आई पुढे, काकूंच्या शेजारी बसली. मागे बाबा, बायको, मी आणि उपाशी मांजर. मांजराला माझ्या डोक्यावरच्या फेसाचं फार कुतूहल होतं.

गाडी सुटली आणि दहा पावलांवर गचकन थांबली. आम्ही तिघं पुढच्या सीटवर आदळलो.

"काय झालं?"

"कुणीतरी ब्रेक दाबला," काकू म्हणाल्या. पुन्हा गाडी निघाली. पुन्हा गचकन!

"ताई, पाय! तुमचा पाय ब्रेकवर आहे!"

"मी कुठे दाबतेय? मी तर घाई करतेय!" आई म्हणाली.

तीच तर गोम होती! पोचायची सगळ्यात जास्त घाई आईला, आणि जीव कासावीस झाला की तिचा पाय आपसूक खाली रेटला जायचा. जितकी घाई, तितका ब्रेक! समोर सिग्नल दिसला की गचकन, वळण आलं की गचकन. पाटी बघून मागचे लोक काकूंना सहानुभूतीने हात करत होते. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकता टाकता "जमेल, जमेल!" असा धीर दिला. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या काकूंच्या चेहऱ्याचा रंग बघण्यासारखा होता.

"मांडी घाला ताई!"

"गुडघा वाकत नाही हो!"

शेवटी बायकोने मागून वाकून आईचा पाय दोन्ही हातांनी वर धरला. तसा धरूनच आम्ही बाकीचा रस्ता कापला. बाबा मधूनच "पुढच्या चौकातून उत्तरेला वळा" असं सांगत होते आणि काकू त्यांना "डावीकडे की उजवीकडे ते सांगा!" म्हणून दटावत होत्या. एवढ्यात माझ्या खिशातून गोड आवाज आला: "पाठ सरळ करा आणि दीर्घ श्वास घ्या." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन्ही केलं.

स्टेशनवर गाडी फलाटाला लागलेली होती. सुटायच्या बेतातच! डबा कोणता, कुणालाच ठाऊक नाही. मी एका टोकाला पळालो, बायको दुसऱ्या. लोक माझ्या डोक्याकडे पाहून वाट देत होते. खिडकीखिडकीत डोकावत मी "काकू! चार नंबर काकू!" असं ओरडत होतो. एका माणसाने मला शांतपणे समजावलं, की हा फलाट दोन नंबरचा आहे.

आणि मग मागून आवाज आला.

"चाऽऽर!"

आई फलाटाच्या मधोमध, बाबांच्या खांद्याला धरून उभी होती. हा तिचा घरातला आवाज नव्हता. ओरडण्याचाही नव्हता. शाळा सुटल्यावर मी ज्याच्या शेजारी गृहपाठ करायचो, तो आवाज. न चढवता लांबवर जाणारा, स्वच्छ, एका टोकाचं दुसऱ्या टोकाला सापडेपर्यंत न सोडणारा. कित्येक वर्षांनी ऐकला मी तो. हमाल थांबले, चहावाला थांबला, मीसुद्धा थांबलो.

चार डबे सोडून एका खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर आला.

"बोल गं, तीन!"

आम्ही आईला जवळजवळ उचलूनच तिथे नेलं. चार नंबरने खिडकीतून तिचे दोन्ही हात धरले.

"किती वेळ लाईन धरून बसलेय मी!" ती रागावून म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते.

"पोराने घड्याळ सरळ केलं," आई म्हणाली.

"अस्सं!" चार नंबरला याहून जास्त खुलासा लागला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "डोक्याला काय झालं त्याच्या?"

"छत्रीही जागेवर ठेवली त्याने."

मला वाटलं, आता दोघी जन्माचं काहीतरी बोलतील. पण त्या बोलल्या काय? गुडघ्याला कोणतं तेल लावतेस. विमानात पाय आखडतात, मध्ये मध्ये उठत जा. लेकीकडे थंडी असते, कान बांध. एकदा संपाच्या दिवशी दोघींनीच सगळा बोर्ड कसा सांभाळला होता आणि एका नवरदेवाला चुकून अग्निशामक दलाशी कसं जोडून दिलं होतं, ते आठवून दोघी एवढ्या हसल्या, की डब्यातली माणसंही हसायला लागली. मला ती लांबलचक खोली दिसली. शेजारीशेजारी दोन उंच स्टुलं, आणि दोन ग्राहकांच्या मधल्या क्षणभरात एकमेकींच्या कानात कुजबुजणाऱ्या, काळ्याभोर केसांच्या दोन बायका. मी आता त्या वेळच्या आईपेक्षा वयाने मोठा आहे, हे मला त्या फलाटावर पहिल्यांदा जाणवलं.

शिट्टी झाली. गाडी हलली. हात सुटले.

"ठेवते गं," चार नंबर म्हणाली.

"ठेव," आई म्हणाली.

शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत आई तिथेच उभी होती. मग पदर डोळ्यांना लावून ती मनसोक्त रडली, आणि आम्ही तिला रडू दिलं. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काकूंनी मांजरासाठी दूध आणि आमच्यासाठी चहा आणला. माझ्या मनात एकच होतं: भेट झाली! उशिरा का होईना, फेसासकट का होईना, पण झाली.

परतताना आई मागे माझ्या शेजारी बसली. पुढे बायको, काकूंच्या मनाला शांतता मिळावी म्हणून. अर्धा रस्ता संपला असेल, तेवढ्यात आई ताठ झाली.

"अगं बाई!"

"काय झालं?" आम्ही सगळे.

"तिचा नवा नंबर! तिकडचा! विचारायचाच राहिला!"

जन्मभर दुसऱ्यांना नंबर जोडून देणाऱ्या दोन बायका, तेल आणि कानटोपीवर बोलत बसल्या आणि नंबर तेवढा राहिला! मग आईलाच हसू फुटलं. आधी ती, मग बाबा, मग आम्ही सगळे, पोट दुखेपर्यंत.

"जाऊ दे," आई डोळे पुसत म्हणाली. "आपल्या सगळ्यांचे नंबर तोंडपाठ आहेत तिला. पोचली की तीच करेल. आज रात्री मोठ्या शहरातून, नाहीतर उद्या लेकीकडून. माझा लागला नाही तर यांना करेल, यांचा नाही लागला तर सुनेला. चार आहे ती! लाईन मिळेपर्यंत सोडायची नाही."

"नक्की करतील," बायको म्हणाली.

मीही मान हलवली. हलवता हलवता माझ्या पाठीतून गार शिरशिरी गेली, आणि ती फेस वाळल्यामुळे नव्हती. कारण काल संध्याकाळी कौतुकाने हुरळून जाऊन, घरच्यांची एकाग्रता आणखी वाढावी म्हणून मी सगळ्यांचे फोन मागून घेतले होते, आणि अनोळखी नंबरावरून येणारा प्रत्येक फोन परस्पर कापला जाईल, बेलसुद्धा वाजणार नाही, अशी पक्की सोय करून ठेवली होती!

"आई," मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "तुझा फोन जरा देतेस का? बाबा, तुमचाही द्या."

"कशाला रे?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "जरा आवरून देतो."